३.७३ की ४.५६? ड्रॅगच्या गाडीसाठी मागच्या ॲक्सलचा रेशो कसा ठरवावा

ड्रॅग म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या अंतराची शर्यत, आणि ॲक्सलचा रेशो म्हणजे मागच्या चाकाच्या एका फेऱ्यासाठी ड्राइव्हशाफ्टला, म्हणजे गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याला, किती फेरे घ्यावे लागतात तो आकडा. प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १९७० सालची शेव्हरोले नोव्हा, इंजिन ३५५ घनइंची स्मॉल-ब्लॉक, गिअरबॉक्स टर्बो ३५० ऑटोमॅटिक, कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाचा) स्टॉल, म्हणजे गाडी अडवून धरली असता इंजिन जिथवर फिरू शकते तो आकडा, साडेचार हजार आरपीएमचा (मिनिटाला फेरे), मागे बारा बोल्टांचा ॲक्सल आणि त्यात ३.७३ चे क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली मोठी आणि छोटी दातेरी चाके), टायर २८ इंची स्लिक (नक्षी नसलेला शर्यतीचा टायर). चालकासह वजन सुमारे ३,२५० पौंड. डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ६,४०० आरपीएमला ४४० हॉर्सपॉवर मिळाली आणि सर्वाधिक टॉर्क ४,८०० च्या आसपास आहे. ओहायोतल्या नॉर्वॉकच्या पाव मैलाच्या ट्रॅकवर ही गाडी ११.७० सेकंदांत, ताशी ११६ मैलांच्या वेगाने रेषा ओलांडते आणि त्या क्षणी टॅकोमीटरवर ५,४५० असतात. एका मित्राने ४.१० सुचवले आहे, दुकानदाराने ४.८८. यांपैकी काय घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर ४.५६ आहे. मात्र ते कसे आले हे पाहिल्याशिवाय क्राऊन-पिनियनची ऑर्डर देऊ नका, कारण पुढच्या वर्षी इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलला की हेच गणित तुम्हाला पुन्हा मांडावे लागेल.

बहुतेक जण रेशोचा विचार स्टार्टिंग लाइनपासून सुरू करतात. मोठा आकडा म्हणजे चाकावर जास्त टॉर्क, म्हणून गाडी जास्त जोरात उठेल, असा तो हिशेब असतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. कोणत्याही क्षणी गाडीला पुढे ढकलणारे बल हे चाकापर्यंत पोहोचलेल्या पॉवरला त्या क्षणीच्या वेगाने भागून मिळते. वेग दिलेला असेल, तर ज्या गिअरमध्ये इंजिन जास्त पॉवर देत असेल तोच गिअर गाडीला जास्त ओढतो. त्यामुळे खरा प्रश्न असा की, पाव मैलाच्या १,३२० फुटांपैकी जास्तीत जास्त फूट इंजिन आपल्या ६,४०० च्या शिखराजवळ कसे राहील. आणि याचे उत्तर शेवटच्या रेषेवरून मागे येत शोधावे लागते, कारण सुरुवातीच्या टप्प्यात गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टर तुमच्या मदतीला असतात, पण तिसऱ्या गिअरमध्ये गेल्यावर इंजिन आणि चाक यांच्यामध्ये ॲक्सलचा रेशो एवढाच काय तो गुणक उरतो.

पुस्तकी सूत्र असे आहे: मैलांतला वेग गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचांतला व्यास, म्हणजे आरपीएम. ३३६ हा आकडा मैलाचे इंच, तासाची मिनिटे आणि पाय (π) यांच्या हिशेबातून येतो, त्यात गूढ काही नाही. तुमच्या २८ इंची टायरसाठी ३३६ भागिले २८ म्हणजे बरोबर १२. म्हणजे ११६ मैलांना ३.७३ च्या रेशोवर इंजिन ५,१९२ फिरायला हवे. पण तुमचा टॅकोमीटर ५,४५० दाखवतो. हा फरक म्हणजे मोजमापाची चूक नव्हे. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: कन्व्हर्टरची स्लिप, म्हणजे तेलातल्या जोडणीतली घसरण, आरपीएम वाढवते, आणि वेगाबरोबर फुगणारा स्लिक टायर ते कमी करतो. टायर फुगलाच नाही असे मानले तर स्लिप पाच टक्के निघते. तो साडेअठ्ठावीस इंचांपर्यंत फुगला असे धरले, तर स्लिप सात टक्क्यांच्या जवळ जाते. बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या थरांच्या) स्लिकच्या बाबतीत दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते.

पण या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची तुम्हाला गरजच नाही. तुमच्याच गाडीच्या आकड्यांवरून एक स्थिरांक काढा: ५,४५० भागिले ११६, भागिले ३.७३. उत्तर १२.६ येते. पुस्तकातल्या १२ च्या जागी हा १२.६ वापरला, की तुमचा कन्व्हर्टर, तुमचा टायर आणि तुमच्या टायरमधली हवा हे सगळे आपोआप हिशेबात येते. टायरचे फुगणे रस्त्यावरच्या वेगावर अवलंबून असते, रेशोवर नाही, म्हणून नवा रेशो बसवल्यावरही तो भाग जवळपास तसाच राहतो. स्लिप मात्र थोडी घटेल, कारण इंजिन स्टॉलपासून अधिक वर फिरेल आणि तिथे टॉर्कही कमी असेल. त्यामुळे या स्थिरांकाने निघणारे आकडे किंचित चढे आहेत असे समजून वाचा.

आता शेवटच्या रेषेवर किती आरपीएम हवेत ते ठरवू. शिखर ६,४०० ला आहे म्हणून रेषाही ६,४०० ला ओलांडावी असे वाटणे साहजिक आहे, पण तसे केले तर तिसऱ्या गिअरमधला सगळा वेळ इंजिन शिखराच्या खालीच राहते आणि शिखर गाठले त्याच क्षणी धाव संपते. पॉवरचा वक्र शिखराच्या दोन्ही बाजूंना हळूहळू उतरतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा थोडा भाग वापरणे फायद्याचे ठरते. अशा इंजिनांसाठी मी शिखरापेक्षा दोनशे ते चारशे आरपीएम वर रेषा ओलांडण्याचे लक्ष्य ठेवतो. तुमच्या बाबतीत ते ६,६०० ते ६,८०० होते. नव्या रेशोने वेग थोडा वाढेल, तो ११८ मैल धरू. तुमच्या ४४० हॉर्सपॉवर आणि ३,२५० पौंडांना प्रचलित सूत्राने १२० मैलांच्या आसपासचा वेग निघतो, त्यामुळे ११८ ही अवाजवी अपेक्षा नाही.

११८ गुणिले १२.६ म्हणजे साधारण १,४८७. याला रेशोने गुणत जा. ४.१० ला ६,०९६ येतात, ४.३० ला ६,३९३, ४.५६ ला ६,७८०, आणि ४.८८ ला ७,२५६. मित्राचा ४.१० तुम्हाला शिखराच्या तीनशे खाली सोडतो. ४.३० नेमका शिखरावर नेतो. ४.५६ लक्ष्याच्या वरच्या काठाशी येतो आणि स्लिप घटल्याचे धरले तर ६,७०० च्या जवळ स्थिरावेल. ४.८८ शिखराच्या साडेआठशे पुढे जातो, आणि तिथे तुमच्या इंजिनाकडे देण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

सध्याच्या ३.७३ ने तुम्ही किती गमावता आहात हे रेषेवरच्या एका आकड्यातून पुरते कळत नाही, म्हणून ट्रॅकवर मधे काय घडते तेही पाहा. टर्बो ३५० चे रेशो २.५२, १.५२ आणि १.०० असे आहेत. तुम्ही ६,८०० ला शिफ्ट करत असाल, तर ३.७३ च्या ॲक्सलवर दुसरा गिअर ९५ मैलांना संपतो. पाव मैलाला ११६ मैल गाठणारी गाडी अर्ध्या अंतरावर, म्हणजे ६६० फुटांच्या खुणेवर, साधारण ९२ मैलांवर असते. म्हणजे तुमची गाडी अर्धा ट्रॅक उलटून गेल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जाते आहे! शिफ्ट झाली की हिशेबाने आरपीएम ४,४७० वर पडायला हवेत. कन्व्हर्टर ते पाच हजारांच्या आसपास सावरून धरतो. तिथून रेषेपर्यंत इंजिन जेमतेम साडेचारशे आरपीएम वर चढते आणि धाव संपते. तिसऱ्या गिअरने ६,४०० चे शिखर कधी पाहिलेलेच नाही. जवळपास अर्धा ट्रॅक तुम्ही इंजिनाच्या टॉर्कवर काढता आणि ज्या पॉवरसाठी कॅमशाफ्ट व सिलिंडर हेडवर खर्च केला ती वापरतच नाही.

४.५६ वर हाच दुसरा गिअर ७८ मैलांना संपतो. ६६० फुटांची खूण येण्याच्या बऱ्याच आधी गाडी तिसऱ्यात असते आणि तिथून रेषेपर्यंत इंजिन पाच हजारांपासून ६,७०० पर्यंत चढत जाते, म्हणजे शिखर ओलांडून थोडे पुढे. वक्राचा नेमका हाच भाग आपल्याला हवा होता.

आता स्टार्टिंग लाइनकडे येऊ, कारण शेवटच्या रेषेवर बरोबर बसलेला रेशो सुरुवातीला चालतो की नाही ही तपासणी राहिली आहे. पहिला गिअर गुणिले ॲक्सल हा एकूण रेशो ३.७३ ला ९.४० होतो, ४.१० ला १०.३३, ४.५६ ला ११.४९ आणि ४.८८ ला १२.३०. तुमच्या वजनाच्या, मध्यम टॉर्कच्या स्मॉल-ब्लॉक गाडीला चांगल्या स्लिकवर दहा ते साडेअकरा हा पट्टा मानवतो. ४.५६ त्याच्या वरच्या टोकाशी आहे, म्हणून टायरने पकड धरली पाहिजे, आणि त्यासाठी मागच्या पाट्यांकडे लक्ष द्यावे लागेल. नोव्हाला मागे पाट्यांचे सस्पेन्शन आहे. टॉर्क वाढला की ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, पाटे पिळतात आणि टायर उड्या मारू लागतो. ट्रॅक्शन बार (ॲक्सलला असे फिरण्यापासून रोखणारे दांडे) आधीपासून बसवलेले असतील तर त्यांची सेटिंग नव्याने तपासा आणि पिनियनचा कोन मोजून घ्या. ते नसतील, तर क्राऊन-पिनियनच्या आधी त्यांच्यासाठी पैसे बाजूला काढा.

४.८८ ला माझा विरोध याच टोकाला जास्त आहे. त्या रेशोवर पहिला गिअर ४४ मैलांना संपतो, आणि पहिल्या गिअरमध्ये स्लिप जास्त असल्यामुळे प्रत्यक्षात त्याही आधी. तुमच्यासारखी गाडी साठ फुटांच्या खुणेवर पन्नास मैलांच्या घरात असते. म्हणजे मागच्या टायरवर वजन अजून नीट बसलेले नसताना, टायरची बाजू अजून दुमडलेली असताना, शिफ्टचा धक्का त्याच्यावर येतो. ४.५६ ला हा शिफ्ट ४७ मैलांजवळ येतो, तोही काही उशिरा नाही, पण निभावतो. सुरुवातीला अशी घाई आणि शेवटी सव्वासात हजार आरपीएम, असे दोन्हीकडून ४.८८ तुमच्या गाडीला ताणतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सव्वासात हजारांसाठी निवडलेले असतील तरच त्या आकड्याचे नाव काढावे.

दुकानदाराने ४.८८ का सांगितले असेल याचा अंदाज करता येतो. ड्रॅगच्या गाड्यांमध्ये दोन गिअरचा पॉवरग्लाइड फार चालतो. त्याचा पहिला गिअर १.७६ चा असतो. १.७६ गुणिले ४.८८ म्हणजे ८.५९, आणि तो एकूण रेशो तुमच्या आजच्या ९.४० पेक्षाही सौम्य आहे. त्या गाड्यांना ४.८८ शोभतो, कारण त्यांचा पहिला गिअर लांब असतो आणि त्यांचे कन्व्हर्टर त्या मोठ्या शिफ्टच्या हिशेबाने बनवलेले असतात. दुसऱ्याच्या गाडीचा रेशो तिच्या गिअरबॉक्सशिवाय उसना घेता येत नाही, आणि या विषयातले निम्मे चुकीचे सल्ले याच एका कारणाने चुकतात. ड्रॅगमधल्या सर्वांत वेगवान टॉप फ्युएल वर्गाचे उदाहरण घ्या. तिथे एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग संघटनेचा नियमच ३.२० च्या रेशोचा आहे, आणि तरीही त्या गाड्या ३३० मैलांच्या पुढे जातात. त्यांना गिअरबॉक्स नसतो, सगळे काम क्लच करतो, आणि त्यांचे टायर डोळ्यांना दिसेल इतके फुगतात. रेशोचा आकडा मोठा म्हणून गाडी जोरदार, असा काही संबंध नाही.

ट्रॅकही उत्तर बदलतो. कोलोरॅडोतल्या मॉरिसनजवळचा बँडिमेअर स्पीडवे, जो २०२३ साली बंद झाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,८०० फूट उंचीवर होता. तिथल्या विरळ हवेत सुपरचार्जर किंवा टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण सहाव्या हिश्शाने घटते. वेग ताकदीच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तुमचे ११८ मैल तिथे १११ च्या आसपास आले असते. १११ ला ४.५६ वर रेषा ६,३७८ ला ओलांडली जाते आणि ४.८८ वर ६,८२५ ला. म्हणजे जो ४.८८ मी नॉर्वॉकसाठी नाकारला, तो याच गाडीला त्या उंचीवर रेषेपाशी बरोबर बसला असता, आणि कमी ताकदीमुळे सुरुवातीचा ताणही थोडा हलका झाला असता. पाव मैलाऐवजी एक अष्टमांश मैलाच्या ट्रॅकवर धावायचे ठरवलेत, तर रेषेवरून मागे येणारे गणित ५.७ च्या पुढचा रेशो मागते, पण २.५२ च्या पहिल्या गिअरबरोबर त्याचा एकूण रेशो चौदाच्या वर जातो आणि टायर तो पेलणार नाही. तिथे ४.८८ किंवा ५.१३ वर तडजोड करावी लागते. तुम्ही दोन्ही प्रकारच्या ट्रॅकवर जात असाल, तरी ४.५६ च ठेवा.

टायरबद्दल एक आग्रह आहे. टायरच्या बाजूवर छापलेल्या व्यासावर विसंबू नका. शर्यतीला ठेवता तेवढीच हवा भरा, चालकाला गाडीत बसवा, टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. ते अंतर ३.१४१६ ने भागले की खरा व्यास मिळतो. ८८ इंच भरले तर टायर २८ चा आहे. ८७ भरले तर तो २७.७ चाच आहे आणि तुमचा परिणामी रेशो एका टक्क्याने जास्त आहे. तुमचा १२.६ चा स्थिरांक सध्या वापरात असलेल्या टायरवर काढलेला असल्यामुळे आज हे मोजले नाही तरी उत्तर बिघडणार नाही, पण टायरचा पुढचा जोड दुसऱ्या कंपनीचा आला की हाच आकडा लागेल.

टायर लहान करूनही परिणामी रेशो वाढवता येतो, आणि ॲक्सल उघडण्यापेक्षा ते स्वस्त पडते. २६ इंची टायरवर ३.७३ हा ४.०२ सारखा वागतो. पण त्यासाठी जमिनीवर टेकणारी टायरची लांबी कमी करावी लागते, आणि ज्या गाडीला सुरुवातीला पकड हवी आहे तिच्या बाबतीत हा सौदा मला पटत नाही. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींत मात्र हा मार्ग विचारात घेण्याजोगा ठरतो, कारण तिथे उतरणाऱ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची फायनल ड्राइव्ह गिअरबॉक्सच्या पोटात असते आणि ती बदलण्यासाठी अख्खा बॉक्स उतरवून खोलावा लागतो. आपल्याकडे यामाहा आरएक्सवर ड्रॅग करणारी मुले स्प्रॉकेटचे दात कमी-जास्त करून हेच गणित सोडवतात, आणि त्यांना ते एका संध्याकाळी करून बघता येते.

आता ॲक्सलच्या आतल्या कामाकडे वळू. ऑर्डर देण्यापूर्वी ध्यानात घ्यायची पहिली बाब अशी की, बारा बोल्टांच्या या ॲक्सलमध्ये ३.०७ ते ३.७३ चे रेशो एका केसवर (क्राऊन ज्यावर बोल्टने बसते त्या भागावर) बसतात आणि ४.१० पासून पुढचे दुसऱ्या केसवर. पिनियन लहान झाला की क्राऊनला त्याच्याकडे सरकावे लागते, म्हणून केसची बैठकच वेगळी असते. तुमच्या पॉझिट्रॅक्शनची (दोन्ही चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या डिफरन्शियलची) केस ३.७३ ची आहे, तेव्हा ४.५६ साठी एक तर ४.१० च्या पुढची केस घ्यावी लागेल, किंवा जुन्या केसवर बसणारे जाड क्राऊन मागवावे लागेल. रस्त्यावर कधीमधी गाडी चालवायची असेल तर जाड क्राऊन हा व्यवहार्य उपाय आहे. गाडी फक्त ट्रॅकपुरतीच ठेवायची असेल, तर स्पूल (दोन्ही चाकांना कायमचे एकत्र जखडणारा भाग) घेण्याचा विचार करा, पण त्याचा खर्च नीट जोखा. स्पूल बसवला की एनएचआरएच्या नियमाप्रमाणे बाजारात मिळणारे मजबूत ॲक्सल शाफ्ट आणि शाफ्ट बाहेर येऊ न देणारी वेगळी पकड सक्तीची होते. १०.९९ सेकंद किंवा त्याहून जलद धावणाऱ्या गाडीलाही हेच लागू आहे. मूळ ॲक्सलमधले शाफ्ट आतल्या टोकाला एका छोट्या सी-क्लिपवर अडकवलेले असतात. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर निघून येतो, त्यामुळे हा नियम कागदी नाही. तुमची गाडी आज अकरा-सातची आहे, पण स्लिक टायर आणि साडेअकराच्या एकूण रेशोवर मी नियमाची वाट न पाहता ही पकड बसवून घेईन.

४.५६ मध्ये पिनियनला नऊ दात आणि क्राऊनला एक्केचाळीस असतात. ३.७३ मध्ये हेच अकरा आणि एक्केचाळीस होते. पिनियन बारीक झाला की प्रत्येक दातावरचा भार वाढतो, म्हणून बसवण्याच्या कामात हयगय चालत नाही. पिनियनची खोली शिम (पातळ चकत्या) घालून ठरवायची, क्राऊन आणि पिनियनमधला बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.००६ ते ०.०१० इंचांच्या दरम्यान ठेवायचा आणि तो क्राऊनवर चार ठिकाणी डायल गेजने मोजायचा, कारण एका जागी बरोबर असलेला बॅकलॅश दुसऱ्या जागी घट्ट निघाला तर क्राऊन केसवर सरळ बसलेले नाही. मग दातांना पिवळा मार्किंग रंग लावून, क्राऊनला हाताने थोडा विरोध देत पिनियन फिरवायचा आणि उमटलेला डाग पाहायचा. डाग दाताच्या माथ्याकडे गेला असेल तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, मुळाकडे गेला असेल तर फार जवळ आहे. तो उंचीच्या मधोमध यायला हवा आणि दाताच्या कोणत्याही टोकावरून बाहेर जाता कामा नये. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये चेपणारी बाही असते, तिच्या जागी घन स्पेसर आणि शिम वापरा. लॉन्चच्या धक्क्यांनी बाही आणखी चेपली की बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवताना दिलेला दाब, जातो आणि तुम्ही इतक्या मेहनतीने आणलेला डाग जागेवरून हलतो.

नव्या क्राऊन-पिनियनला पहिल्याच दिवशी ट्रॅकवर नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटे सौम्य वेगाने चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असे दोन-तीनदा करा, मग तेल बदला. पॉझिट्रॅक्शन क्लचचे असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर लागतो. स्पूलला त्याची गरज नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे ड्राइव्हशाफ्ट. ११८ मैलांना ३.७३ वर तो सुमारे ५,२०० ते ५,३०० फिरत होता. ४.५६ वर तो ६,३०० ते ६,४५० च्या दरम्यान फिरेल. जुना पोलादी शाफ्ट, झिजलेला युनिव्हर्सल जॉइंट आणि आजवर न जाणवलेला किंचितसा असमतोल हजारभर वाढलेल्या आरपीएमला भयंकर रूप घेऊ शकतो. शाफ्ट उतरवलाच आहे तर तो जास्त वेगावर बॅलन्स करून घ्या, दोन्ही जॉइंट नवे घाला आणि शाफ्टभोवतीची सुरक्षा-कडी जागेवर आहे याची खात्री करा. स्लिकवर १३.९९ किंवा त्याहून जलद धावणाऱ्या गाडीला ती तशीही बंधनकारक आहे.

रस्त्यावर वापरण्याबद्दल तुम्ही ओझरते विचारले आहे. साठ मैलांना ३.७३ वर इंजिन स्लिप न धरता २,७०० च्या जवळ फिरते, ४.५६ वर ते ३,३०० होईल, आणि साडेचार हजारांच्या स्टॉलमुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे वर जातील. कन्व्हर्टर सतत घसरत राहिला की गिअरबॉक्सचे तेल तापते. ट्रॅक तासाभराच्या अंतरावर असेल तर गाडी ट्रेलरवर न्या, किंवा तेलाचा मोठा कूलर लावा. स्पीडोमीटरचा छोटा गिअरही बदलावा लागेल, नाहीतर काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवत राहील.

कन्व्हर्टरला सध्या हात लावू नका. साडेचार हजारांचा स्टॉल तुमच्या टॉर्कच्या शिखराच्या किंचित खाली आहे आणि शिफ्टनंतर इंजिनाला पाच हजारांच्या जवळ उभे करतो, हे चांगले लक्षण आहे. रेशो आणि कन्व्हर्टर एकाच वेळी बदललेत, तर फायदा कशाने झाला हे कळणार नाही आणि १२.६ चा स्थिरांकही हातचा जाईल.

गाडी तयार झाली की पहिल्या दिवशी रेशोखेरीज काहीही बदलू नका. पहिल्या धावेला ६,८०० ला शिफ्ट करा, पुढच्या धावांना ६,६०० आणि ६,५०० करून पाहा, आणि प्रत्येक वेळी साठ फुटांचा वेळ, ६६० फुटांचा वेळ व वेग, रेषेवरचा वेग आणि रेषेवरचे आरपीएम लिहून ठेवा. आरपीएम टॅकोमीटरच्या स्मृतीतून किंवा डेटा लॉगरमधून घ्या, नजरेने नको. साठ फुटांचा वेळ सुधारला नाही आणि टायर सुटल्याची जाणीव होत असेल, तर दोष रेशोला देण्याआधी टायरची हवा आणि ट्रॅक्शन बार पाहा. रेषेवर ६,६०० ते ६,८०० मिळाले तर काम झाले. ६,५०० च्या खाली मिळाले आणि वेगही ११६ च्या पुढे सरकला नसेल, तर इंजिन डायनोवरचे आकडे ट्रॅकवर देत नाही, तेव्हा इंधन आणि इग्निशनकडे वळा. वेग तोच राहून आरपीएम ६,९०० च्या पुढे गेले, तर कन्व्हर्टरची स्लिप वाढली आहे, त्याची तपासणी करा. आणि वेग १२० वर पोहोचून आरपीएम ६,९०० ला टेकले, तर गाडीने अपेक्षेपेक्षा चांगले काम केले आहे. तेव्हा ॲक्सल पुन्हा न उघडता, चाकाच्या कमानीत जागा असेल तर २९ इंची स्लिक चढवा, म्हणजे तेच १२० मैल साधारण ६,६५० वर येतील.